छोट्या स्क्रूचं पान

तो मंगळवार होता. म्हसावदच्या शाळेत मी चौथीला त्रैराशिक शिकवत होतो. फळ्यावर उदाहरण अर्धं झालं होतं, तेवढ्यात दारात वेस्ता दिसला. माझ्या धाकट्या भावाचं, पुंडलिकचं, शहाद्याला फटफट्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वेस्ता तिथे कामाला. पुंडलिकचीच सायकल घेऊन आला होता, आणि डोक्याचं फडकं त्याने हातात धरलं होतं.

"काय रे?" मी विचारलं.

"गणित व्हऊ द्या, मास्तर," तो म्हणाला.

मी उदाहरण पुरं केलं. उत्तर बरोबर आलं. पोरांना पुढचं घालून दिलं आणि बाहेर आलो. तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री गया."

सकाळी चहा घेतला, पाना उचलला, खाली बसला आणि उठलाच नाही. एवढंच. आजार नाही, काही नाही. अंगणात एक फटफटी उघडी पडली होती, तिची झाकणं तशीच.

तेराव्याला माणसं जमली. पुंडलिकबद्दल बोलायचं म्हणून प्रत्येकाने एकेक किस्सा काढला. एकाचा संपला की दुसऱ्याचा सुरू. सुतकाचं घर, तरी माणसं तोंडाला उपरणं लावून हसत होती. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, यातले निम्मे तर माझ्या वहीत आहेत! किश्शांचं हे असंच असतं. मुद्दाम कोणी साठवत नाही. शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठाव्यात तसे ते साठतात, आणि ज्या सदऱ्यासाठी कापड आणलं तो सदरा मात्र शिवायचा राहतो.

ती वही किश्शांसाठी नव्हती.

पुंडलिक चौथी नापास. फटफट्यांबरोबर विलायतेहून माहितीपुस्तकं येत, ती इंग्रजीत. त्यातली नुसती चित्रं बघून बघून तो शिकला. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने माझ्यासमोर कोरी वही टाकली. म्हणाला, "नाना, आपली भाषामा असं एक पुस्तक पाहिजे. तू मास्तर शे, तू लिख. मी सांगस."

त्याला सगळं इंजिन नको होतं, फक्त कार्बोरेटर हवा होता. इंजिनाला लागलेलं हे एक पितळी भांडं. पेट्रोल आणि हवा तिथे एकत्र होतात. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ते जेट. तिथे कचरा बसला की मूठ कितीही पिळा, गाडी उचलत नाही. गुदमरते, खोकते, मग एकदम उडी मारते. हे सगळं साफ करता येतं. ते शिकवताही येतं. पण साफसफाई झाली की शेवटी बाजूला एक छोटा स्क्रू राहतो. हवा किती घ्यायची ते तो ठरवतो. पाव आटा इकडे नाहीतर तिकडे झाला, की सगळी मेहनत वाया!

मी आखणी केली. पहिलं पान भांड्याचं, दुसरं जेटचं, तिसरं सुईचं. शेवटच्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'छोटा स्क्रू : किती फिरवावा'. आणि दर रविवारी सायकल मारत म्हसावदहून शहाद्याला जाऊ लागलो.

*

पहिल्याच रविवारी मी सवयीप्रमाणे लिहिलं, 'कार्बोरेटर म्हणजे काय? त्याचे प्रकार किती व कोणते?'

पुंडलिकने अक्षर लावत लावत वाचलं. मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवलं. तो बिचारा तीन मैल फटफटी ढकलत आला होता आणि ओट्यावर धापा टाकत बसला होता.

"नाना, त्याले इचार, त्याले प्रकार किती पाहिजेत!"

*

जेटमध्ये तार घालायची नाही, हा पुंडलिकचा पहिला नियम. तारेने पितळ घासतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. एकाने घरीच बाभळीचा काटा घालून जेट साफ केलं होतं. पुंडलिकने ते जेट महिनाभर खिळ्याला टांगून ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं.

तो वापरी घोड्याच्या शेपटीचा केस. तोही असातसा नाही. पांढऱ्या घोड्याचा बारीक, काळ्याचा जाड, असं त्याचं शास्त्र होतं. दर वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरला, की आमचे मिस्त्री घोडे बघत हिंडत.

एकदा मी बरोबर होतो. एका पांढऱ्याशुभ्र घोड्यापाशी तो थांबला. मागे गेला, शेपटी हातात घेऊन उन्हात धरली, बोटांनी केस चाचपले. व्यापारी लांबून आलेला. त्याला वाटलं, मोठं गिऱ्हाईक दिसतं! दात दाखवले, चाल दाखवली, घोडा नाचवून दाखवला. शेवटी म्हणाला, "बोलो सेठ, क्या दोगे?"

पुंडलिक म्हणाला, "घोडा नको. शेपटीना दोन केस द्या."

व्यापारी दोन पावलं मागे सरला. करणीबिरणी करणारा आहे की काय! पुंडलिकने घाईघाईने खिशातून जेट काढलं, उजेडाकडे धरून भोक दाखवलं, केस कसा घालायचा ते दाखवलं. व्यापाऱ्याने सगळं निमूटपणे पाहिलं. दोन केस उपटून दिले. मग घोड्याच्या मानेवर थोपटत त्याला म्हणाला, "बेटा, आज तेरा पूरा इम्तिहान हुआ और पास सिर्फ पूँछ हुई!"

*

केस घातल्यावर जेटमध्ये तोंडाने फुंकर मारायची, हा दुसरा नियम. पंप नाही, काही नाही. ओठात धरायचं आणि फुंकायचं.

नंदुरबारचे एक मिरचीचे व्यापारी. मिरची वाळत घातलेल्या शेतांमधून त्यांची फटफटी दिवसभर फिरायची. एकदा ती अजिबात उचलेना. पुंडलिकने कार्बोरेटर उतरवला, जेट काढलं, ओठात धरलं, फुंकलं आणि तसाच उभा राहिला. डोळ्यांतून धारा! नाक लाल, कान लाल. बोलता येईना.

शेठ घाबरले. "काय झालं मिस्त्री? मोठं काम निघालं का?"

तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली. पुंडलिक आत गेला आणि तोंडात गुळाचा खडा धरून बाहेर आला. म्हणाला, "शेठ, गाडीले काही व्हयेल नही. ती नुसती तिखट व्हयेल शे!"

या कडीबद्दल सांगायला हवं. गॅरेज पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, येत नाही. आलीच तर पदर पुढे ओढून, आणि बोलत तर नाहीच. जेठानेही तिच्याशी बोलायचं नसतं. पुंडलिकच्या बायकोचं, गिरजाचं, लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नाही. तिला पुंडलिकला बोलवायचं असलं की ती दाराची कडी वाजवी. बहुतेक वेळा ते चहाचं बोलावणं असे.

*

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. गाडीत घालायला मिळेना, तर कार्बोरेटर धुवायला कुठून आणायचं? रॉकेलचीही तीच गत, आणि रॉकेलने धुतलेलं तेलकट राहतं.

वेस्ता सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी. तिशी उलटलेला, बोलणं मोजकं. त्याने एका सोमवारी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून काहीतरी आणलं. मोहाची, पहिल्या धारेची! पुंडलिकने जेट त्यात टाकलं. दहा मिनिटांनी काढलं तर सोन्यासारखं चकचकीत. तेव्हापासून शहाद्यातल्या समस्त फटफट्यांचे कार्बोरेटर मोहाने न्हाऊ लागले.

आणि एके दिवशी अबकारी खात्याचे इन्स्पेक्टर आले. दारूच्या भट्ट्या पकडणारे! त्यांची फटफटी चढावर दम टाकत होती. पुंडलिकने वेस्ताकडे पाहिलं, वेस्ताने तुंब्याकडे. दुसरं काही घरात नव्हतंच. कार्बोरेटर धुतला, जोडला.

इन्स्पेक्टरांनी नाक वर केलं. "मिस्त्री, हा वास कसला?"

"विलायती औषध शे, साहेब."

"मला ओळखीचा वाटतो."

"तुमनी वळख मोठी शे, साहेब," पुंडलिक म्हणाला.

आठ दिवसांनी इन्स्पेक्टर परत आले, खूश होऊन. "मिस्त्री, काय गाडी केलीत! रेस दिली की उडते. परवा डोंगराच्या पायथ्याला गेलो, तर भट्टीवाल्यांना पळायलासुद्धा वेळ मिळाला नाही!"

ते गेले. वेस्ता पाने पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "मिस्त्री, पुढली खेपले त्यामा थोडं पाणी घाला."

*

पुंडलिकचे कान जात होते. आधी डावा, मग उजवाही. इतकी वर्षं इंजिनाला कान लावून बसणाऱ्याचं दुसरं काय होणार? गिऱ्हाईक काही सांगू लागलं की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवी आणि मूठ दातांत धरी. म्हणायचा, असं केलं की आवाज हाडातून येतो. लोकांना ती मोठी विद्या वाटे. फक्त मला त्याने खरं सांगितलं.

"नाना, मन्हा कान चाली ऱ्हायनात तवलोंग लिखी ले. मंग काय करशी?"

"मग आज सांग. स्क्रू किती फिरवायचा?"

तो विचारात पडला. "ते सांगता येस नही. ते आयकू येस."

"अरे, पण लिहू काय? अर्धा आटा? पाऊण?"

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. आत गिरजा दळत होती. जात्याची घरघर येत होती. म्हणाला, "दळणनं कसं ऱ्हास? घास जास्ती पडना की जातं जड. कमी पडना की दगडवर दगड. बराबर घास पडना की जातं गानं म्हणस. तसं."

मी ते लिहून घेतलं. रात्री पुन्हा वाचलं, तेव्हा शास्त्रीय वाटलं नाही. पुस्तकात जातं कसं चालेल? मी त्यावर रेघ मारली.

*

गिऱ्हाइकं त्याची थट्टा करत. "मिस्त्री, आम्ही ओरडून ओरडून सांगतो ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि चहाची कडी बरी ऐकू येते!"

खरंच होतं ते. इंजिन धडधडत असे. पुंडलिक छोट्या स्क्रूवर वाकलेला. जरासा आत, जरासा बाहेर. मूठ पिळायची, ऐकायचं, पुन्हा स्क्रू. मग कडी वाजे. तो तिथल्या तिथे हात थांबवी, पुसे आणि आत जाई. कपबशा घेऊन बाहेर येई. चहा होईपर्यंत गाडीही लागलेली, म्हणजे सुरात आलेली, असे. मी वहीत लिहिलं होतं, 'पुंडलिकची गाडी चहाच्या वेळेलाच कशी बरोबर लागते!' आणि पुढे उद्गारचिन्ह दिलं होतं.

एकदा कडी वाजली. त्याने हात थांबवला, पुसला, आत गेला आणि हात हलवत बाहेर आला. कपबशी नाही.

"चहा रे?" मी म्हटलं.

"दूध नासनं व्हई," तो म्हणाला आणि गाडीवाल्याला किल्ली दिली.

हेही मी लिहून ठेवलं. 'कडी वाजली, चहा नाही!' त्या रविवारी वहीत दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

*

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांना मधुमेह होता, चहा बिनसाखरेचा लागे. ते आले की दहा मिनिटांत बरोबर बिनसाखरेचा कप बाहेर येई. आत कोणी जाऊन सांगायचं नाही, काही नाही.

डॉक्टरांना याचं फार नवल. "मिस्त्री, मी अजून ओट्यावर चढलोही नव्हतो. आत कळतं तरी कसं?"

"गाडी सांगस, साहेब," पुंडलिक म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. बशीत चहा ओतत राहिला.

*

जंगल खात्याचे एक साहेब हौशी होते. तोरणमाळला तळ्याकाठी फटफटीवरून फिरायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. वर रस्ता कुठला? आठ माणसांनी बांबूला बांधून फटफटी डोंगर चढवली, नवरदेवासारखी! वर जाऊन साहेब बसले, किक मारली, मूठ पिळली, तर गाडी खोकायला लागली. काळा धूर. खाली वाघासारखी पळणारी गाडी वर मांजर झाली.

पुंडलिकला बोलावणं आलं. दिवाळीची सुट्टी होती, मीही गेलो. वेस्ता होताच. चढताना पुंडलिक दर वळणावर थांबून छाती भरून श्वास घेई. वर पोचल्यावर म्हणाला, "गाडीनं बी असंच व्हयेल शे. वर हवा पातळ शे, पेट्रोल तेवढंच." जेटमधलं पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या सुईला खाचा असतात, त्यातली एक खाच सुई खाली केली. धूर थांबला.

बघायला पाडाच लोटला होता. एक म्हातारा गाडीभोवती दोनदा फिरला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. सगळे हसले. वेस्ताने आम्हाला सांगितलं, "तो म्हणस, आठ माणसं लागनात आणि एक बी खालनी हवा लयना नही!"

मग राहिला छोटा स्क्रू. पुंडलिकने दातांत एक स्क्रूड्रायव्हर धरला, दुसऱ्याने स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला. मूठ पिळली. पुन्हा फिरवला. अख्खी दुपार गेली. गाडी चालत होती, पण उचलताना क्षणभर अडखळे. शेवटी साहेबच म्हणाले, "चालेल, चालेल." मी वहीत लिहिलं, 'तोरणमाळला मिस्त्रींना चहा मिळाला नाही, म्हणून गाडी लागली नाही!'

उतरताना पुंडलिक पुढे होता. निम्मा डोंगर उतरल्यावर म्हणाला, "नाना, वर मन्हा हात एकला पडना."

"एकटा कसा? वेस्ता होता की!"

तेव्हा मात्र तो हसला. म्हणाला, "लिख, लिख. हाई बी लिख."

*

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी नंदुरबारचा एक गॅरेजवाला आला. पाने, पकडी, व्हाइस, सगळंच घ्यायला तयार होता. त्याचंही बरोबर होतं. कार्बोरेटर लागत नसेल तर गॅरेज कशाच्या जोरावर चालणार? मग गिरजाला भावाकडे जावं लागणार, आणि वेस्ताला पाड्यावर. तिथून दर वर्षी मजुरीला गुजरातेत. वेस्ता आत गेला आणि निरोप घेऊन आला, "बाई म्हणस, महिनाभर थांबा."

महिन्यात वेस्ताने गाडी लावून दाखवायची, असा त्याचा अर्थ. जेट त्याला येत होतं, सुई येत होती. स्क्रूला मात्र पुंडलिकने कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

वेस्ता अक्षरं माझ्याकडूनच शिकला. रविवारी, ओट्यावर, माझ्याच वहीवरून. पुस्तक झालं की आपल्याला वाचता यायला हवं, म्हणून शिकला. आता मी वही त्याच्या हातात दिली. तो बोट ठेवून वाचू लागला. घोड्याच्या शेपटीला हसला. मिरचीला हसला. तुंब्याच्या किश्शाला माझ्याकडे बघून मान हलवली. पानं उलटत उलटत शेवटच्या पानावर आला. वरचा मथळा वाचला, 'छोटा स्क्रू : किती फिरवावा'. खाली रेघ मारून खोडलेल्या दोन ओळी, आणि मग काही नाही. त्याने पान उलटून मागे पाहिलं. पुन्हा पुढे पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "यामा घोडा शे, मिरची शे, मी बी शे. स्क्रू कोठे शे?"

*

महिना संपायला चार दिवस होते. रविवार होता. डॉक्टर फटफटी ढकलत आले. रेस दिली की गुदमरत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धडगावच्या बाजूला जायचं होतं. तिकडे ताप पसरला होता. "लागेल का रे?" त्यांनी वेस्ताला विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं.

वेस्ताने कार्बोरेटर उतरवला. धुतला. पांढऱ्या घोड्याचा केस जेटमधून तीनदा फिरवला. ओठात धरून फुंकर मारली. सुई बसवली, भांडं बसवलं. सगळं पुंडलिकसारखं. किक मारली, इंजिन सुरू झालं. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि छोट्या स्क्रूवर वाकला.

मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. शेवटचं पान उघडं.

त्याने स्क्रू आत फिरवला. मूठ पिळली. इंजिन घोगरं झालं. बाहेर फिरवला. मूठ पिळली. फट् करून बंद पडलं. पुन्हा किक. पुन्हा आत. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं. डॉक्टर घड्याळ काढून आत ठेवत होते.

वेस्ता अगदी हळू, केसाएवढा, स्क्रू बाहेर आणत होता. इंजिन धडधडत होतं. मला तर मघाचाच आवाज वाटत होता.

आतल्या दाराची कडी वाजली. एकदाच.

आठ वर्षं पुंडलिकला पाहून लागलेल्या सवयीने वेस्ताचा हात जागच्या जागी थांबला. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि मूठ पिळली. गाडीने रेस अशी उचलली, की डॉक्टरांनी टोपीला हात लावला! पुन्हा पिळली. पुन्हा तसंच. ना खोकला, ना अडखळणं.

"वा रे वा!" डॉक्टर म्हणाले. "अगदी मिस्त्रींचा हात!"

वेस्ताने फडक्याला हात पुसले. पुंडलिक जायचा तसा तो दारापाशी गेला, आत डोकावला आणि परत आला. कपबशी नव्हती.

"चहा?" मी विचारलं.

"चूल पेटेल नही, मास्तर," तो म्हणाला.

डॉक्टर गेले. सोमवारी वेस्ताने नंदुरबारला निरोप पाठवला, की सामान विकायचं नाही. त्यानंतर बऱ्याच गाड्या आल्या आणि लागल्या. मी अजूनही रविवारी जातो, ओट्यावर बसतो, वही जवळ असते. दार मध्ये असतं.

स्क्रू किती फिरवायचा हे मी पुंडलिकला आठ वर्षं विचारत होतो. गिरजाला अजून विचारलेलं नाही.